पेन्शनची तारीख



क्षमावाणीला आपण सगळ्यांनाच फोन करतो. "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा," असं आपण म्हणतो, समोरचाही तेच म्हणतो, मग गुडघ्यांची चौकशी होते आणि फोन ठेवला जातो. यंदा धाकट्या वन्संना फोन लावताना मात्र ते "नकळत" माझ्या तोंडून निघेना. माझं जे चुकलं होतं ते चांगलं कळून-सवरून चुकलं होतं, आणि मंदिराच्या सभागृहात चारचौघींच्या देखत चुकलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी दशलक्षणात आकिंचन्य धर्माच्या दिवशी प्रवचन संपल्यावर आम्ही काहीजणी बसलो होतो. म्हातारपणीच्या पैशाचा विषय निघाला. कुणीतरी वन्संचं नाव काढलं, की पुण्यातला मोठा फ्लॅट विकून त्या दोघं आता लांब कुठेतरी दोन खोल्यांत राहायला गेलीत म्हणे. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "आमच्या वन्संनी हात कधी आखडलाच नाही. दर रविवारी हॉटेल, दर दोन वर्षांनी प्रवास, मुलीला महागडी शाळा. आम्ही इथे एकेक पातळ चार-चार वर्षं नेसलो. आता कळेल कुणाचं बरोबर होतं ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. परिग्रह सोडण्याचं प्रवचन ऐकून उठलेली मी, माझ्या काटकसरीचा केवढा मोठा परिग्रह जवळ बाळगून बसले होते! ते वाक्य चार दिवसांत पुण्याला पोचलं, हे मला नंतर कळलं.

मग गेल्या नोव्हेंबरात वन्सं आणि त्यांचे यजमान आठ दिवस आमच्याकडे आले होते. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आमच्या ह्यांचा दाखला करायचा होता, त्यांचाही करायचा होता. मी १९७९ची बी.कॉम., त्यामुळे घरातले सगळे कागद शेवटी माझ्याच पुढ्यात येतात. वन्संनी पिशवीतून पासबुक काढून दिलं. त्यात दरमहा पेन्शन जमा झाल्याची नोंद होती. रक्कम दोन हजारांच्या आतली होती. मला वाटलं हा हप्ता कशाचा तरी फरक असेल. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. दर महिन्याला तोच आकडा. तीस वर्षं एका चांगल्या खाजगी कंपनीत अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या माणसाची ती पेन्शन होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही, झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन बसले, आणि तेव्हापासून वाचनालयातून, जुन्या कागदांतून, ह्यांच्या निवृत्त मित्रांकडून जे जे मिळालं ते वाचत-विचारत गेले. आपल्या देशात म्हातारपणीचा पैसा कुणाला, केव्हापासून आणि का मिळू लागला, याचा तो हिशेब आहे. तुम्हाला सांगते, कारण आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात तो कुठे ना कुठे लागू होतो.

आपल्या मराठी इतिहासातली सर्वांत गाजलेली पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ साली तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला तेव्हा माल्कमने त्याला वर्षाला आठ लाख रुपये कबूल केले आणि गंगेकाठी ब्रह्मावर्ताला नेऊन ठेवलं. तिथे तो आणखी तेहतीस वर्षं जगला. कंपनीच्या वरिष्ठांना ही रक्कम तेव्हाच जास्त वाटली होती. जानेवारी १८५१मध्ये बाजीराव वारला. त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी पेन्शन पुढे चालू ठेवावी म्हणून अर्ज केला. डलहौसीने तो फेटाळताना जे कारण दिलं ते वाचून मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तेहतीस वर्षांत पेशव्याला अडीच कोटींच्या वर रुपये मिळाले, त्याला फारसा खर्च नव्हता, आणि मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता ठेवून तो गेला. तेव्हा मागे राहिलेल्यांचा सरकारवर काही हक्क नाही.

आठ लाख गुणिले तेहतीस म्हणजे दोन कोटी चौसष्ट लाख, हिशेब बरोबर आहे. पण "खर्च नव्हता" हे कुणी ठरवलं? पेशव्याबरोबर गेलेली हजारो माणसं ब्रह्मावर्तात त्याच्याच जिवावर जगत होती. आणि त्याने उधळपट्टी करून मागे काहीच ठेवलं नसतं, तर इंग्रज काय म्हणाले असते? उधळ्याला द्यायचं कशाला, असंच ना? शिल्लक टाकली तर गरज नाही, आणि टाकली नाही तर लायकी नाही. नानासाहेबांनी विलायतेपर्यंत अर्ज केले, १८५३मध्ये अजीमुल्लाखानाला लंडनला पाठवलं. त्या अर्जांतला एक मुद्दा मला फार पटला. पेन्शन घेणाऱ्याने आपल्या पैशातून काही शिल्लक टाकली, तर ती त्याची खाजगी बाब झाली, करार पाळायचा की नाही याच्याशी तिचा संबंध काय? उत्तर नकाराचंच आलं. पुढचं १८५७ आपल्याला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, राजेरजवाड्यांच्या गोष्टी आपल्याला कशाला. पण ते वाचताना सभागृहातलं माझं बोलणं मला ऐकू येत होतं. मीही वन्संच्या रविवारच्या हॉटेलाचा तसाच हिशेब मांडला होता.

पुढे इंग्रज सरकारने १८७१मध्ये पेन्शनचा कायदा केला. सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे पेन्शन ही सरकारची मेहेरबानी. मेहेरबानी म्हटली की देणारा घेणाऱ्याची वागणूक बघणारच. ही समजूत मोडायला बरोबर शंभर वर्षं लागली. १९७१मध्ये बिहारच्या देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पेन्शन ही कृपा नव्हे, तो नोकरी केलेल्याचा हक्क आहे, त्याची मालमत्ता आहे.

हे झालं सरकारी नोकरांचं. खाजगी नोकरीत, गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्याला स्वातंत्र्य मिळेपर्यंत बहुतेक काहीच नव्हतं. काही चांगले मालक स्वतःहून फंड ठेवत, बाकीच्यांची म्हातारपणची तरतूद म्हणजे गाव आणि मुलगा. नोव्हेंबर १९५१मध्ये प्रॉव्हिडंट फंडाचा वटहुकूम निघाला आणि १९५२मध्ये कायदा झाला. सुरुवातीला तो सहा उद्योगांना लागू झाला: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. पगारातून सव्वासहा टक्के कामगाराचे आणि तेवढेच मालकाचे. आपल्याकडच्या बायकांच्या तोंडी "फंड" हा शब्द तेव्हापासून बसला. "त्यांचा फंड आला की घर बांधू" हे वाक्य मी माझ्या लहानपणी किती आयांच्या तोंडून ऐकलं असेल! फंड एकदाच येतो आणि घर, लग्न, ऑपरेशन यांत संपतो. पेन्शन मरेपर्यंत दर महिन्याला येते. या दोन गोष्टींतला फरक मला बी.कॉम.ला शिकवला होता, पण तो म्हातारपणी दोन घरांत केवढी दरी पाडतो हे काही शिकवलं नव्हतं.

आणि बायकांचं काय? केंद्र सरकारच्या नोकरांच्या विधवांसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आली ती १ जानेवारी १९६४पासून. त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या किंवा वारलेल्यांच्या बायका बाहेरच राहिल्या. पूनामल नावाच्या एका विधवा बाई आणि इतर काहीजणी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १९८५मध्ये त्या जुन्या विधवांनाही ही पेन्शन लागू झाली. म्हणजे दोघींचे नवरे एकाच खात्यात एकाच पदावर असले तरी एकीला वीस वर्षं दरमहा पैसे मिळत होते आणि दुसरी भावाच्या घरी भाकऱ्या थापत होती. गल्लीतल्या बायका मात्र म्हणत असणार, "ती बघा कशी टुकीने राहते, आणि ही बघा, भावावर भार." टुकीचा त्यात संबंध किती होता?

आता १९८२वर येते, कारण ते वर्ष मी स्वतः पाहिलं आहे. १९८१च्या मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. सासरे केंद्र सरकारच्या एका खात्यातून १९७३ साली निवृत्त झाले होते. घरात त्यांच्या पेन्शनचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलायचे, "मी सहा वर्षं लवकर म्हातारा झालो." मला आधी त्याचा अर्थ कळायचा नाही. केंद्र सरकारने मे १९७९मध्ये पेन्शनचं सूत्र सुधारलं होतं. पूर्वी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती आता शेवटच्या दहा महिन्यांची धरायची, शिवाय टक्केवारी आणि वरची मर्यादाही वाढली. पण हे सगळं फक्त ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. त्याआधीच्या निवृत्तांना जुनंच सूत्र. दूध तेच, डाळीचा भाव तोच, पण तीस मार्चला निवृत्त झालेल्याची पेन्शन एकतीसला निवृत्त झालेल्यापेक्षा कमी.

या तारखेविरुद्ध डी. एस. नकारा नावाचे निवृत्त गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले. ते संरक्षण मंत्रालयात आर्थिक सल्लागार होते आणि १९७२मध्ये निवृत्त झाले होते. त्यांच्या बरोबर सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एच. डी. शौरी यांची 'कॉमन कॉज' ही संस्था होती. पाच न्यायमूर्तींचं पीठ बसलं, सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. १७ डिसेंबर १९८२ला निकाल लागला. एकाच प्रकारच्या पेन्शनरांचे केवळ निवृत्तीच्या तारखेवरून दोन वर्ग पाडणं हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं ठरलं. म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावं, यासाठी पेन्शन असते असंही त्यात म्हटलं आहे. आजही निवृत्त लोक १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. सासऱ्यांची पेन्शन पुढे नव्या सूत्राने काढली गेली आणि थकबाकी आली. तो हिशेब तपासायला त्यांनी मला बसवलं होतं. सून आल्यावर तिच्या डिग्रीचा उपयोग झाला, असं ते पाहुण्यांना सांगत. थकबाकीतून सासूबाईंनी भिशी काढली नाही, सोनंही घेतलं नाही. दोघं जाऊन सम्मेदशिखरजीची यात्रा करून आली. नातेवाइकांत त्यावरही बोलणं झालं, की या वयात एवढा खर्च! बोलणाऱ्यांना कशालाही बोलता येतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला राहणारे एक मामा लालबागच्या गिरणीत होते. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागातले आणि कोकणातले घरटी एक-दोन पुरुष गिरणीत असायचे, मनिऑर्डर यायची. संप महिनाभर चालेल असं त्यांना वाटलं होतं. दिवाळी आली, ते गावी परत आले. नंतर दुसरी दिवाळी आली. संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही, तो विरून गेला, आणि हजारोंना पुन्हा गिरणीचा दरवाजा उघडलाच नाही. काही गिरण्या तेव्हाच बंद पडल्या, बाकीच्या पुढच्या वीस वर्षांत. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या कागदांसाठी हे मामा मुंबईला किती खेपा घालून आले याची गणती नाही. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली ती २०१२मध्ये. तोवर तीस वर्षं उलटली होती.

या मामांबद्दल आमच्या वाड्यात काय बोललं जायचं ते मला नीट आठवतं. "मुंबईत असताना गणपतीला यायचे तेव्हा बघितलं ना, सगळ्यांना कपडे, पेढ्यांचे पुडे, टेरिलिनचा शर्ट. तेव्हा चार पैसे मागे टाकले असते तर?" असं बोलणाऱ्यांत मीही होते. त्या मनिऑर्डरीवर त्यांच्या दोन भावांची शिक्षणं झाली होती, बहिणीचं लग्न झालं होतं, आणि ते पेढे आम्हीच खाल्ले होते. गिरणगावात अशा कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संपात जेवणाऱ्याच्या हाती पगार नव्हता, म्हणजे जेवू घालणारीच्या हातीही पैसा नव्हता. त्या बायकांना फंड नव्हता, पेन्शन नव्हती, आणि त्यांच्या कामाला कुणी नोकरीही म्हणत नव्हतं.

एकाच वर्षात जानेवारीत संप आणि डिसेंबरात निकाल. आमच्या वाड्यात पुढच्या खोलीत थकबाकी आली, आणि मागच्या खोलीतला माणूस बाजार समितीत हमाली शोधायला लागला. दोघंही सकाळी सहाला उठणारे, दोघंही निर्व्यसनी. आमचे सासरे शहाणे ठरले आणि मामा उधळे.

आता वन्संच्या पासबुकाकडे परत येते, कारण तिथे माझा जीव अडकला होता. खाजगी नोकरदारांसाठीची पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५पासून आहे. तिला लोक ईपीएस-९५ म्हणतात. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के या योजनेत जातात. पण कुठल्या पगारावर? खऱ्या पगारावर नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेवर. ती मर्यादा आधी पाच हजार होती, २००१पासून साडेसहा हजार, आणि सप्टेंबर २०१४पासून पंधरा हजार. वन्संचे यजमान २०१२मध्ये निवृत्त झाले. त्यांचा पगार चांगला जाडजूड असला तरी त्यांच्या नावाने पेन्शनखाती महिन्याला ५४१ रुपयेच जात होते. आणि पेन्शन काढायचं सूत्र असं, की मर्यादेतला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. साडेसहा हजार गुणिले सतरा भागिले सत्तर. मी तीनदा करून पाहिलं. १५७८ रुपये. १९९५च्या आधीच्या नोकरीचे थोडे वेगळे मिळतात, ते धरूनही दोन हजारांच्या खाली. यात महागाई भत्ता नाही. २०१२ला जो आकडा होता तोच आजही आहे. ज्यांना हजारही मिळत नव्हते त्यांच्यासाठी २०१४मध्ये किमान हजार रुपये केले. हजार रुपयांत आज शेराचं दूध किती दिवस येतं ते तुम्हीच बघा.

फंडाची एकरकमी मोठी आली होती. ती मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फेडण्यात आणि त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनात गेली. उरलेलं त्यांनी बँकेत ठेवलं. तिथेही तारीख आडवी आली. १९८६पासून २०००च्या सुरुवातीपर्यंत पीपीएफवर बारा टक्के व्याज मिळत होतं. २००३मध्ये ते आठ टक्क्यांवर आलं, आज सात पूर्णांक एक आहे. इतर ठेवींचंही तसंच. दहा लाखांवर बारा टक्क्यांनी महिन्याला दहा हजार होतात, सात टक्क्यांनी सहा हजारांच्याही आत. माणूस तोच, दहा लाख तेच, आणि डाळ मात्र दुप्पट महाग.

मग मी तोच हिशेब आमच्या घराचा मांडला. हे राज्य सरकारच्या नोकरीतून २०१३मध्ये निवृत्त झाले. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, वेतन आयोग आला की मूळ पेन्शनच वाढते. ह्यांच्या पगारातून या पेन्शनसाठी कधी एक रुपया कापला गेला नव्हता. माझी चाळीस वर्षांची काटकसर, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, रिक्षा न करता चालत आणलेली भाजी, भिशी, दिवाळीत घरीच शिवलेले कपडे, हे सगळं ज्या मुदत ठेवींत आहे, त्यांचं व्याज महिन्याला साडेचार हजार रुपये येतं. पोटापाण्याचं बाकी सगळं कोषागारातून. मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या, आणि त्या साडेचार हजारांकडे बराच वेळ बघत बसले. सभागृहात मी ज्या काटकसरीच्या जोरावर बोलले होते, तिची किंमत एवढी होती. त्यात आमच्या दोघांच्या औषधांचं बिल जेमतेम भागतं.

काटकसर वाईट असं मी म्हणत नाही. मला अजूनही नळ टपटपलेला सहन होत नाही. पण हे २०१३ला निवृत्त झाले आणि नोकरीला लागले तेव्हा जुनी पेन्शन होती, यात माझ्या गोधड्यांचा काही वाटा नाही. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. माझा भाचा शिक्षक आहे, २००६ला लागला. त्याच शाळेत त्याच्याहून दीड वर्षाने ज्येष्ठ असलेले सर जुन्या पेन्शनचे. मार्च २०२३मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा आमच्याच घरात "यांना काय कमी आहे" असं बोलणं झालं. बोलणारे आमचे हे होते, आणि हातात त्यांच्या पेन्शनचा मेसेज आलेला मोबाईल होता. भाचा काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. गेल्या दिवाळीत त्याने गाडी घेतली तेव्हा "कर्ज काढून गाडी कशाला" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदेने आणि स्वतःच्या प्रशंसेने कुठला बंध पडतो ते सांगितलं आहे. पाठशाळेत आम्ही ते घोकून म्हणायचो. सभागृहात त्या दिवशी मी दोन्ही एकाच वाक्यात उरकलं होतं.

पासबुक बघितल्यापासून क्षमावाणीपर्यंत दहा महिने गेले. मध्ये दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. वन्सं आठ दिवस इथे राहिल्या, माझ्या हातचं जेवल्या, त्या एका वाक्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. मशीनवर त्यांच्या यजमानांचा अंगठा उमटेना तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं सह्या करून रेघा पुसल्या हो." मलाच हसू आलं नव्हतं.

यंदा फोनवर मी सगळं सांगून टाकलं. कुठे बोलले, कुणासमोर बोलले, काय बोलले. साडेचार हजारांचा हिशेबही सांगितला. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, मला त्याच आठवड्यात कळलं होतं. चार दिवस जेवण गेलं नाही. मग हे म्हणाले, वहिनींनी आपल्याला पैसे मागताना कधी बघितलंय का? नाही ना? मग सोड."

मी म्हटलं, "उत्तम क्षमा, वन्सं."

"उत्तम क्षमा," त्या म्हणाल्या. नंतर गुडघ्यांची चौकशी झाली. ठेवता ठेवता म्हणाल्या, "दिवाळी झाली की दाखल्यासाठी येतोच आहोत आम्ही. ८८ सालचा काश्मीरचा अल्बम सापडलाय, घर बदलताना वर गेला होता. घेऊन येते. चौघांत टॅक्सी स्वस्त पडते म्हणून तुम्हाला किती आग्रह केला होता आम्ही. तुम्ही म्हणालात, रिटायर झाल्यावर जाऊ."